पालाश

वेरा नदीच्या खोऱ्यात एक पांढरा डोंगर आहे.
देवानं केलेला नाही.
माझ्या आजोबांनी, बापानं, त्यांच्या पाळीतल्या माणसांनी
जमिनीखालून पालाश काढला
आणि उरलेलं मीठ वर ओतलं. वर्षानुवर्षं.
त्यावर गवत उगवत नाही.
हिमवर्षाव झाला की कुठवर बर्फ आणि कुठून मीठ
ते फक्त जीभ सांगते.

मी मारबुर्गला असते, तिसऱ्या मजल्यावर,
वाळल्या चाऱ्यावर सापडणारा एक साधा जीवाणू सांभाळते.
त्याला पालाश लागतोच.
नसला तर प्रथिनं विणणारे माग थांबतात,
फार झाला तर पाणी आत धावतं, भिंती ताणतात.
म्हणून पेशी एक सांगावा घडवते:
दोन एटीपी घेते, त्यांच्या शेपट्या तोडते,
दोघांना वाकवून एकमेकांत अडकवते.
एवढीशी अंगठी.

अंगठी दाराशी जाते. बोलत नाही, नुसती बसते.
आत घेणारं दार मिटतं,
बाहेर टाकणारं उघडतं.
जनुकाची नक्कल उतरत असते तिथंही जाऊन बसते
आणि नवं दार घडवण्याचं वाक्य
अर्ध्यात तुटतं.
पालाश आटला की अंगठ्या मोडायच्या.
त्यासाठी वेगळं विकर आहे, तेही कामसू.

माझ्या तबकडीतल्यांना अंगठी करता येत नाही.
तिन्ही जनुकं मीच काढली, गेल्या हिवाळ्यात.
ते जगतात, पण अर्धपोटी ठेवले तरच.
पालाश जरा वाढवला
की सकाळी तबकडी स्वच्छ,
कुणी घासून पालथी घातल्यासारखी.

बापाची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी कामावर यायची थांबली.
सोमवार, बुधवार, शुक्रवार यंत्र.
बटाटे सोलायचे, चिरायचे, रात्रभर भिजवायचे,
पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उकळायचे.
टोमॅटो नको. केळं नको. सुक्या जर्दाळूचं तर नावच नको.
"जन्मभर डोंगरातून काढला,
आता माझ्यातून निघत नाही,"
हे तो येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो.
पहिल्यांदा मी हसले होते.

ईस्टरच्या आदल्या रात्री गाव माळावर लाकडं पेटवतं.
शेजारच्या एकहार्टनं निखाऱ्यातून दोन बटाटे काढून दिले,
बापानं सालीसकट खाल्ले.
पहाटे हृदयाच्या आलेखावर टोकदार तंबू उभे.
"काही जाणवलं नाही?" मी विचारलं.
"छान वाटत होतं," तो म्हणाला.
"गरम होते."

त्या आठवड्यात तबकड्या उबेतच राहिल्या.
कुणी फेकल्या नाहीत, सुट्टी होती.
मी परतले तेव्हा घासलेल्या जागेत
सात ठिपके.
अल्मुटनं भिंगाखाली धरले, बराच वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली, "हे मेले नाहीत ते कसे?"

जनुकं वाचायला जूनपर्यंत वेळ लागला.
सोडियम उपसणारा एक जुना पंप
एका अक्षरानं बिघडला होता
आणि पालाशही उपसू लागला होता,
सांगाव्याची वाट न बघता, दिवसरात्र.
गळकं घर. कुठलाच शहाणपणा नाही.
सहांचं असंच होतं. सातव्याचं अजून कळलेलं नाही.

रविवारी बापाला सांगितलं.
"सात?"
"सात."
"कितीपैकी?"
"दहा कोटी."
त्यानं खिडकीतून डोंगराकडे पाहिलं.
ऊन पडलं होतं, बघवत नव्हतं.
"आमची पाळी बरी मग," तो म्हणाला.
"सव्वीस उतरायचो,
बहुतेक वेळा सव्वीसच वर यायचो."

मी पातेलं कलंडवलं.
पाणी पिठुळ होतं. नवं भरलं.
पुन्हा पिठुळ.